लुईझाबायच्या मापाची सायकल

रेमंडने बायकोच्या, म्हणजे मर्सीच्या, रिळातला पांढरा दोरा सायकलच्या सांगाड्याच्या मागच्या टोकाला गाठ मारून बांधला, पुढे नेऊन हँडलच्या नळीभोवती फिरवला आणि दुसऱ्या बाजूने मागे आणून ताणून धरला. मग श्वास रोखून त्याने सीटच्या नळीपासून दोऱ्यापर्यंतचं अंतर पट्टीने मोजलं. डावीकडे एकोणतीस मिलिमीटर. वळसा घालून उजवीकडे मोजलं. एकोणतीस.

"एकोणतीस! सांगाडा सरळ!" तो मोठ्याने म्हणाला. वर्कशॉपमध्ये ऐकायला कुणी नव्हतं, म्हणून त्याने ते पुन्हा म्हटलं. दोरा सोडून परत बांधला, परत मोजलं, आणि तिसऱ्यांदाही पट्टीने तेच सांगितल्यावर तो स्टुलावर बसून एकटाच हसत सुटला. छप्पन्न वर्षांचा बाप्या, पण आत्ता कुणी पाहिलं असतं तर नाताळात नवे बूट मिळालेलं पोरगंच वाटलं असतं.

वाघोलीच्या नाक्याजवळ रेमंड तुस्कानोचं वर्कशॉप तीस वर्षं चालू होतं. ग्रिल, गेट, जिन्याचे कठडे. गेट दोन मिलिमीटर इकडेतिकडे झालं तर गिऱ्हाइकाला कळत नाही, रेमंडला कळतं; म्हणून त्याची गेटं उशिरा होतात आणि बंद होताना आवाज करत नाहीत. पण सायकल ही वेगळीच गोष्ट निघाली. मार्कने, म्हणजे त्याच्या मुलाने, कॅनडाहून पाठवलेल्या पोलादी नळ्या मधोमध जेमतेम अर्धा मिलिमीटर जाडीच्या होत्या. ज्योत अशी धरायची की पोलाद लालसर व्हावं पण जळू नये. मग पितळेची कांडी टेकवली की ती वितळून सांध्याभोवती फिरते. एकेका सांध्याला दोन दोन तास. भंगारातल्या नळ्यांवर त्याने आधी तीन सांगाडे केले होते आणि तिन्ही वाकडे निघाले होते. या नळ्यांचा मात्र एकच संच होता. हा सांगाडा चुकला तर दुसरा नव्हता, आणि डिसेंबरच्या दुसऱ्या रविवारी लुईझाबाय पुन्हा दोनशे किलोमीटरला उभी राहणार होती.

लुईझा त्याची थोरली बहीण. शाळेत खेळाची शिक्षिका होती, दोन वर्षांमागे निवृत्त झाली आणि घरी बसवेना म्हणून सायकल चालवू लागली. गेल्या डिसेंबरात तिने त्या लांबच्या सवारीत नाव घातलं. महामार्गाने शंभर किलोमीटर जायचं, शंभर परत, सगळं मिळून साडेतेरा तासांत. सायकल कुणाची तरी उसनी, उंच्यापुऱ्या माणसाची. एकशेचाळीसाव्या किलोमीटरला तिच्या हाताला मुंग्या आल्या, मान धरली, आणि तिने फोन केला. रेमंड आणि मर्सी टेंपो घेऊन गेले तर बाय धाब्यावर बाकावर आडवी पडलेली.

"बाय, तू अजिबात वाईट वाटून घेऊ नकोस," रेमंड टेंपो चालवता चालवता म्हणाला. "तुझी चूक नाही, सायकलची आहे. तुझ्या मापाची सायकल मी करतो. पोलादाची. दोनशे काय, दोन हजार जाशील!"

रेमंडच्या तोंडात तीळ भिजत नाही. पुढच्या रविवारी मिस्सा संपून लोक चर्चच्या पायऱ्या उतरत होते तोवर अर्ध्या गावाला ठाऊक झालं होतं की रेमंड बहिणीसाठी सायकल घडवतोय. दुकानातून आणत नाही, घडवतोय.

घोडं अडलं ते मापावर. मोबाईलवरच्या व्हिडिओत एक गोरा माणूस सांगत होता की सगळ्यात महत्त्वाचं माप पायाचं, आतल्या बाजूचं. भिंतीला टेकून उभं राहायचं, जाड पुस्तक दोन्ही मांड्यांमध्ये वरपर्यंत दाबून धरायचं आणि पुस्तकापासून जमिनीपर्यंत मोजायचं. रेमंडने घाईघाईने मोबाईल बंद केला. थोरल्या बहिणीचं हे माप धाकट्या भावाने घ्यायचं? शक्यच नाही. पण घरातच मर्सी होती. मर्सी लग्नाचे गाऊन शिवते. सत्तावीस वर्षांत निर्मळपासून आगाशीपर्यंतच्या किती नवऱ्या तिच्या टेपाखालून गेल्या त्याची गणती नाही. रेमंडने काय काय मोजायचं ते कागदावर लिहून दिलं, दोघी आतल्या खोलीत गेल्या, दार लावलं, आणि बराच वेळ नुसतं खिदळणं ऐकू येत राहिलं.

कागद हातात आला तेव्हा त्याने भुवया वर केल्या.

"बाय एवढीच आहे?"

"लहानपणी तुला ती माडाएवढी वाटायची," मर्सी सुईत दोरा ओवत म्हणाली. "तू अजून तिच्याकडे चौथीतल्या डोळ्यांनी बघतोस. मोजली तर एवढीच आहे."

ते त्याला पटलं. इतकं पटलं की त्याने ते चार जणांना सांगितलंही. मग त्या मापांवरून त्याने वर्कशॉपच्या भिंतीवर खडूने आकृती काढली. सायकल आणि तिच्यावर बसलेली बाई, जिवंत माणसाएवढी. पाठीचा कोन, कोपराचा कोन, पायडल खाली असताना गुडघ्याचा कोन. डोकं म्हणून एक गोल काढला, चेहरा काढायला वेळ कुणाला होता. वर्षभर तो त्या बाईकडे बघत कानस चालवत होता.

आणि आज दोन्हीकडे एकोणतीस!

त्याने हात पुसून फोन लावला.

"बाय, झाली! अगं काय सरळ आलीय! उद्या चाकंबिकं घालतो, परवा शनिवारी चारला ये. बसून बघितल्याशिवाय रंग द्यायचा नाही."

"मर्सी येणार आहे का?" लुईझाने विचारलं.

"ती कशाला?"

"घेऊन ये रे. मला बरं वाटेल."

शनिवारी चारला रेमंडने सायकल उचलून वर्कशॉपपुढच्या कोब्यावर आणून ठेवली. बिनरंगाची, राखाडी पोलादाची, सांध्यांवर पितळेच्या पिवळ्या कडा. केळीच्या वाडीतून येणारं ऊन नळ्यांवर पडलं होतं आणि रेमंडला आभाळ ठेंगणं झालं होतं. मर्सी कापडी पिशवी मांडीवर घेऊन दाराशी रंगाच्या उपड्या डब्यावर बसली होती. लुईझा ट्रॅकसूट घालून आली, सायकलभोवती एक फेरी मारली, सांध्यावरून बोट फिरवलं.

"देवा रे, हे तू केलंस?" ती म्हणाली.

"बस तर!"

लुईझा बसली. तिने पायडल मारलं आणि गुडघा वर आला तो हँडलला जवळजवळ लागलाच. रेमंडने तिला उतरवलं, सीट वर केली. तरी तेच. आणखी वर केली, नळीवरच्या शेवटच्या खुणेपर्यंत. आता पाय ठीक झाले, पण हँडल पार पोटाशी आलं आणि बाय पाठीची कमान करून, कोपरं बाहेर काढून, पुतण्याच्या तीनचाकीवर बसलेल्या काकासारखी दिसू लागली. तशीच ती नाक्यापर्यंत गेली आणि परत आली.

"छान आहे रे," ती म्हणाली. करपलेल्या केकला पाहुणे जसं म्हणतात तसंच.

रेमंड आत धावला, खणातून मापाचा कागद आणला आणि एकेक नळी मोजू लागला. सीटची नळी बरोबर. वरची नळी बरोबर. कोन बरोबर. तो उभा राहिला.

"कागदाप्रमाणे सगळं अचूक आहे," तो म्हणाला. "म्हणजे कागदच चुकलाय. मर्सी, तू मापात चुकलीस."

"मी मापात चुकत नाही," मर्सी म्हणाली.

"मग हे काय आहे?"

"सत्तावीस वर्षांत माझ्याकडे परत आलेला एक गाऊन दाखव."

"गाऊनचं मला सांगू नकोस!" रेमंडचा आवाज चढला. "गाऊन उसवता येतो. हे पोलाद आहे, मर्सी. वर्ष घातलंय मी यात. दुसऱ्या नळ्या कुठून आणू? डिसेंबरला बाय कशावर बसणार? एक काम दिलं होतं तुला, एक, टेप धरायचं, तेवढंही..."

मर्सीने मान खाली घातली होती आणि पिशवीचा बंद बोटाभोवती गुंडाळत होती. ती रागावली आहे की रडणार आहे ते त्याला कळेना.

लुईझा सायकलवरून उतरली.

"पुरे झालं," ती म्हणाली. "मर्सी, ऊठ. बस हिच्यावर."

मर्सी उठली. पिशवीतून तिने बुटांचा जोड काढला, चपला बाजूला सारल्या आणि बूट घालून नाडी बांधली. हे बूट रेमंडने दारात कितीदा पाहिले होते. बायचे असतील, राहिले असतील, असं समजून तो ते पायानेच बाजूला करायचा. तळ झिजून गुळगुळीत झाले होते. मग तिने पिशवीतूनच पाना काढला, सीटचा बोल्ट ढिला केला, सीट चार बोटं खाली घेतली, आवळली, आणि टांग टाकून बसली.

रेमंड बघत राहिला. कोपर जरासं वाकलेलं. पाठ न ताणलेली, न कुबडलेली. पायडल खाली गेलं तसा गुडघा सरळ होता होता राहिला. त्याने नकळत मागे वळून भिंतीकडे बघितलं. वर्षभर ती बिनचेहऱ्याची बाई तिथे बसली होती, आणि ती लुईझाबाय नव्हती. ती कधीच लुईझाबाय नव्हती.

"जाऊन येते," मर्सी म्हणाली. दोघांपैकी कुणाच्याही उत्तराची वाट न बघता ती निघाली. पहिल्या दहा हातांत थोडी डगमगली, मग सीटवरून उठून तिने दोन दणकट पायडलं मारली आणि भुईगावच्या रस्त्याला, वाडीच्या वळणाआड दिसेनाशी झाली.

"कधीपासून?" रेमंडने विचारलं.

"टेंपोतून मला आणलंत ना, तेव्हापासून," लुईझा डब्यावर बसत म्हणाली. "तू मला धीर देत होतास. आणि ही मला काय विचारत होती माहितीये? की उरलेल्या साठ किलोमीटरमध्ये चढ किती होते. मी मेलेली, आणि ही चढ विचारतेय! तेव्हाच म्हटलं, हिला याचं वेड लागलंय."

"पण रोज सकाळी तुम्ही दोघी जाता ना... ती तुझ्या सोबतीला जाते."

"मी भुईगावच्या बीचपर्यंत जाते आणि सुरूच्या झाडाखाली बसते. ती मार्कच्या जुन्या सायकलवर पुढे अर्नाळ्यापर्यंत जाऊन येते. मग मला उठवते, आम्ही पाव घेतो आणि घरी. त्या सायकलवर तिचे पाय धड पोचत नाहीत, तरी जाते."

रेमंड म्हणजे नळीतली केसाएवढी फट दिसणारा माणूस, पण वर्षभर घरात वावरणाऱ्या बायकोच्या पोटऱ्या दगडासारख्या झाल्या ते त्याला दिसलं नव्हतं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा.

तेवढ्यात विघ्नेश स्कूटर लावून आत आला. फुलपाड्याच्या एका सोसायटीचा हा सेक्रेटरी. त्यांच्या गेटची तुटलेली बिजागरी रेमंडकडे दुरुस्तीला होती.

"अंकल, आज देतो बोललेलात ना? गेट दोरीने बांधून ठेवलंय आम्ही, लोक शिव्या घालतायत."

"बस, पाच मिनिटांत करतो," रेमंड सवयीने म्हणाला आणि जागचा हलला नाही. विघ्नेश स्टुलावर बसून मोबाईल बघू लागला.

"मला सांगायचं होतं तिने," रेमंड हळू आवाजात म्हणाला. "मी काय नाही म्हटलं असतं?"

"सांगितलं होतं. त्याच आठवड्यात. माझ्यासमोर. 'मलाही एक कर' म्हणाली. तू काय म्हणालास?"

रेमंडला आठवलं. तो भाकरी खात होता आणि म्हणाला होता, करू की.

रेमंडचं 'करू की' बाहेर कुणी ऐकलेलं नव्हतं, ते फक्त घरात वापरायचं होतं. स्वयंपाकघराच्या खिडकीला ग्रिल नव्हती, नऊ वर्षं करू की. न्हाणीच्या दाराची कडी निघाली होती, करू की. मर्सीच्या मशीनचा पाय डगमगत होता, त्याखाली पुठ्ठ्याची घडी होती, करू की. सगळ्या वसईची दारं नीट लागत होती आणि त्याच्या घरची न्हाणी सुतळीने बांधली जात होती.

"म्हणून मीच तिला म्हटलं," लुईझा म्हणाली, "माझ्या नावावर करून घे. माझी तो करेल. चर्चमध्ये सांगत सुटलाय म्हणजे करेलच. ती तयार नव्हती रे, पाप वाटत होतं तिला. टेप मीच धरला तिच्या पायाला. चिडायचं तर माझ्यावर चीड."

"आणि तू? तू नाही जाणार डिसेंबरला?"

"मला त्या बाकावर पडल्या पडल्याच पुरे झालं होतं रे बाबा. पण तू एवढा पेटला होतास. म्हटलं, पेटलाय तर पेटू दे, कुणाच्या तरी कामाला येईल."

रेमंडला लाज वाटली. अशी लाज, की कान तापले. थोड्या वेळापूर्वी आपण काय बोललो ते आठवून त्याला जमिनीत जावंसं वाटलं. आणि गंमत अशी, की त्याच वेळी त्याचे डोळे वळणाकडे लागले होते. ती परत कशी येते, वळणावर सायकल कशी झुकते, ते त्याला बघायचंच होतं. पाच मिनिटांची पंधरा झाली, पंधराची चाळीस. विघ्नेशने दोनदा घसा खाकरला. रेमंड उठून रस्त्याच्या कडेला जाऊन उभा राहिला.

ती आली तेव्हा आधी मागच्या चाकातल्या फ्रीव्हीलची टिकटिक ऐकू आली. मग वळणावर पुढचं चाक दिसलं आणि मर्सी सायकल तिरपी घेऊन, ब्रेक न दाबता, एका दमात वळली. सरळ कोब्यावर येऊन तिने पाय टेकले. केस सुटलेले, चेहरा लाल, आणि पंचावन्नाव्या वर्षी तिला एका वेळी तीन तीन गोष्टी सांगायच्या होत्या.

"कळंबपर्यंत गेले! वारा अंगावर होता तरी गेले! आणि तिथे सरळ रस्ता आहे ना, तिथे हात सोडले मी. दोन्ही! कुठे ओढत नाही, काही नाही, सरळ जाते रे! मागचा ब्रेक कुरकुरतो तेवढं बघ. लुईझाबाय, खड्ड्यात धक्का बसतच नाही, आपोआप पुढे जाते!"

लुईझा हसू लागली. रेमंडला माफी मागायची होती, पण तोंडातून निघालं ते भलतंच.

"दोनशे होतील?"

"होतील," मर्सी म्हणाली. आणि त्याच भरात पुढे बोलून गेली, "दोनशे झाले तर फेब्रुवारीत तीनशेची आहे. त्यात रात्र लागते. पुढे दिवा बसवायला काहीतरी पाहिजे."

बोलली आणि थांबली. चेहऱ्यावरचं हसू तिने आवरून घेतलं आणि खाली चाकाकडे बघू लागली. पुढे काय ऐकायला मिळणार ते तिला सत्तावीस वर्षांचं पाठ होतं.

"अंकल, ते माझं..." विघ्नेश दारातून म्हणाला.

रेमंडने त्याच्याकडे वळून बघितलं.

"विघ्नेश, तू उद्या ये."

"अहो अंकल, उद्या संडे! गेट उघडं आहे आमचं."

"मिस्सा झाल्यावर मी स्वतः येऊन बसवून देतो. आजचा दिवस वॉचमनला सांग." मग तो मर्सीकडे आला आणि त्याने हँडल धरलं. "उतर. दिव्याची खुंटी रंगाच्या आधी पितळेने झाळून टाकावी लागेल, नंतर नाही करता येत."

"आत्ता?" मर्सी म्हणाली.

"मग कधी?"

मर्सी उतरली. तिने एकदा लुईझाकडे बघितलं, पण लुईझा विघ्नेशला स्कूटरपर्यंत पोचवायला निघाली होती. रेमंड खडू घेऊन पुढच्या चाकाशी गुडघे टेकून बसला, वरखाली बघितलं आणि चाक धरणाऱ्या चिमट्याच्या उजव्या नळीवर एक रेघ मारली.

"इथे?"

मर्सी त्याच्या शेजारी वाकली. एरवी गाऊनच्या झालरीकडे बघताना मिटते तसा तिने एक डोळा मिटला.

"एक बोट खाली," ती म्हणाली. "तिथे पिशवी आड येईल."

"कुठली पिशवी?"

"हँडलची. शिवून ठेवलीय."

रेमंडने अंगठ्याने रेघ पुसली आणि एक बोट खाली मारली.